पौर्णिमेचे मंडळ

मंडळ स्थापन होते तेव्हा नारळ फुटतो, अध्यक्ष बोलतात, पेढे वाटले जातात. ते बंद होते तेव्हा यांतले काहीच होत नाही. माणूस गेला तर चार लोक भेटायला येतात. पण पंचवीस-तीस वर्षे नेमाने भरणारी बैठक मिटली, तर भेटायला जायचे कोणाकडे? चिटणिसांकडे जावे, तर ते बिचारे सतरंज्या कोणाला द्याव्यात या विवंचनेत!

भांडण होऊन मंडळ मोडले तर निदान गावाला कळते तरी. अभ्यासाची मंडळे बहुधा तशी मोडत नाहीत. तेल संपलेल्या समईसारखी ती हळूहळू विझतात. मला ठाऊक असलेले याचे सर्वांत मोठे उदाहरण इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे आहे. मॅथ्यू बोल्टन हा कारखानदार, इरॅस्मस डार्विन हा डॉक्टर आणि अमेरिकेत प्राध्यापकी करून परतलेला विल्यम स्मॉल यांच्याभोवती १७६५ च्या सुमारास मित्रांचा एक मेळा जमला. रस्त्यांवर दिवे नव्हते. रात्री घरी परतताना वाट दिसावी म्हणून बैठक पौर्णिमेच्या सुमारास भरे. त्यावरूनच पुढे नाव पडले ‘लूनर सोसायटी’. आपण कोजागिरीला दूध आटवतो. ही मंडळी महिन्याच्या महिन्याला जेवणावर बसून वाफ, वायू आणि वीज आटवीत! स्वतःला ते गमतीने ‘लुनॅटिक’, म्हणजे चंद्राने वेडावलेले, म्हणवून घेत.

वेडे कसले! त्यांत वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट होता, प्राणवायूवर प्रयोग करणारा प्रीस्टली होता, भांड्यांसाठी नावाजलेला वेजवुड होता, डिजिटॅलिसच्या औषधी गुणांवर १७८५ साली ग्रंथ लिहिणारा डॉक्टर विदरिंग होता. बोल्टनने वॅटच्या इंजिनामागे आपले भांडवल उभे केले. प्रीस्टलीला प्रयोगासाठी लागणारी भांडी वेजवुड करून देई. आणि या मंडळाला ना घटना होती, ना निवडणूक, ना इतिवृत्ताची वही! त्यांच्या गप्पांचा मागोवा आज लागतो, तो त्यांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांवरून.

मैत्रीच्याच आधारावर उभे असलेले हे घर माणसे गळू लागली तसे खचत गेले. स्मॉल तर १७७५ सालीच वारला होता. १७९१ च्या जुलैत दंगलखोरांनी प्रीस्टलीचे घर, ग्रंथ आणि प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली. त्याची धर्ममते आणि फ्रेंच राज्यक्रांतीविषयीची सहानुभूती लोकांना खपली नाही. १७९४ साली तो अमेरिकेला निघून गेला. वेजवुड १७९५ त गेला, विदरिंग १७९९ त, डार्विन १८०२ त, बोल्टन १८०९ त. पुढच्या पिढीने हात दिला, पण पहिली रंगत आली नाही. १८१३ साली सारे संपले. उरली शास्त्रीय पुस्तके. त्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि ती सॅम्युएल गॉल्टन या सभासदाच्या वाट्याला गेली.

चिठ्ठ्यांची ही हकीकत मला फार लागली. कारण यंदा आमचेही एक लहानसे अभ्यासमंडळ मिटले. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी दिवाणखान्यात आम्ही जमत असू. कोणी ताम्रपटावर बोले, कोणी जुन्या नाण्यांवर. आमच्यात वॅट नव्हता की प्रीस्टली नव्हता. शेवटी आम्ही पाचजण उरलो, आणि त्यांतल्या दोघांना जिना चढवेना. मंडळाचे कपाट रिकामे करताना घरातले एक तरुण म्हणाले, “काका, आता खिशातल्या फोनवर जगातले मोठमोठे पंडित ऐकायला मिळतात. मग एवढी हळहळ कशाची?”

प्रश्न रास्त होता. मी दोन दिवस त्याचे उत्तर शोधत होतो. मला वाटते, पंडितांच्या व्याख्यानात विचार पिकून आलेला असतो. पण ज्याच्या डोक्यात तो अजून कच्चा आहे, त्याने तो ठेवावा कुठे? छापायला देता येत नाही, घरी सांगावा तर पोळी ताटात गार होते. त्यासाठी चार माणसे लागतात. “हे कुठे वाचलंत हो तुम्ही?” असे म्हणून ती आपल्याला भर बैठकीत अडवतात, आणि अडवून झाल्यावर चहाचा कपही पुढे करतात. असा विरोधक तयार व्हायला पंधरावीस वर्षे जातात. मंडळ मिटते तेव्हा ज्ञान कोठेच जात नाही. हरवतो तो हा विरोधक.

म्हणून पुस्तके वाटताना आम्ही चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. प्रत्येकाने स्वतःला हवे ते न घेता दुसऱ्याला हवे असलेले पुस्तक घरी न्यायचे, असे ठरवले. वाचायचे असेल तर मागायला जावेच लागेल! ज्यांना जिना चढवत नाही, त्यांच्याकडे आपण जायचे.

माझ्या वाट्याला नाण्यांवरचे एक जाडजूड पुस्तक आले. नाण्यांतले मला ओ की ठो कळत नाही. परवा आमच्यातलेच एक गृहस्थ ते परत करायला आले आणि चपला न काढताच म्हणाले, “चौथ्या प्रकरणातलं म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही!”

मी म्हटले, “आधी आत तर या. चहा टाकायला सांगतो.”