घमेल्याला चिकटलेली गरी

शाळेच्या शिपायाने आमचं घमेलं उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवलं, ते माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. दिवस 28 फेब्रुवारीचा, राष्ट्रीय विज्ञान दिनाचा. पहिलीतली माझी नात अडीच तास टेबलामागे उभी होती आणि तिचा अर्धा प्रयोग बाहेर उन्हात पडलेला होता. घमेल्याच्या काठाला वाळलेलं सिमेंट होतं, हे खरं. पण घमेलं तिथे चुकून आलेलं नव्हतं.

आम्ही आदिलाबाद जिल्ह्यातले, पैनगंगेच्या अलीकडचे. पलीकडे यवतमाळ. 1956 साली सीमा बदलल्या, किनवट-राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडेच राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू. मी आयुष्यभर बालवाडीत मुलं सांभाळली, आता घरची सांभाळते. कापूस वेचणीला सून शेतात गेली की अंगणात नात, साडेतीन वर्षांचा नातू आणि गल्लीतली दोन-तीन पोरं असतात.

लहानपणी आम्ही नदीवर गरी टाकून बसायचो. गळाला आमच्याकडे गरी म्हणतात. या पोरांना डोहावर नेण्याची माझी हिंमत नाही, म्हणून अंगणातच मासे धरायचं ठरलं. काठी तुराटीची. ती हलकी असते आणि वाटेल तेवढी मिळते. पऱ्हाटी घेऊ नका, तिची फाट्यांची टोकं बोचतात. दोरा गोधडीचा. बंद पडलेल्या रेडिओचा स्पीकर मुलाने फोडून दिला, त्यातून चकतीसारखं लोहचुंबक निघालं. मधोमध भोक असल्याने दोरा बांधायला सोपं. मासे वहीच्या कागदाचे केले, ते पाण्यात दोन मिनिटांत लगदा झाले. मग दुधाच्या पिशव्या धुऊन कापल्या आणि प्रत्येक माशाच्या तोंडाला एक जेमक्लिप लावली.

नातू कोपऱ्यातून कापसाच्या बियाण्याची रंगीत रिकामी पिशवी घेऊन आला होता. ती मी त्याच्या हातातून काढून घेतली आणि त्याचे हात साबणाने धुतले. त्या बियाण्याला कीटकनाशक चोळलेलं असतं. चित्र कितीही सुंदर असो, ती पिशवी मुलांच्या खेळात येता कामा नये. आमच्याकडे घरोघरी या पिशव्या पडलेल्या असतात, म्हणून मुद्दाम सांगते.

पाणी कशात ठेवायचं? समोर लोखंडी घमेलं होतं. त्यात चार बोटं पाणी घातलं, मासे सोडले आणि नातीने ऐटीत गरी टाकली. टण्ण! चुंबक घमेल्याच्या बुडाला जाऊन बसलं. ओढलं तर सुटेना.

"आजी, गरी घमेल्यालेच चिपकून रायली!"

मी प्लास्टिकचा टब आणायला उठले. तिने मला थांबवलं. तिला मासे नको होते, आता तिला घमेलंच पाहिजे होतं. माशाला चिकटते ते कळलं, पण घमेल्याला का? मग सगळी पोरं उठली आणि गरी घेऊन घरभर फिरली. विळ्याला चिकटली. तव्याला चिकटली. जर्मलच्या पातेल्याला नाही, पितळेच्या परातीला नाही, देवघरातल्या तांब्याला नाही. स्टीलच्या डब्यांनी मात्र सगळा गोंधळ केला. एका डब्याला पक्की चिकटे, शेजारच्या तशाच डब्याला अजिबात नाही. नातू रडायला लागला, त्याला वाटलं गरी मोडली.

कारण मलाही नीट येत नव्हतं. माझ्या मुलाला विचारलं, त्याने शोधून सांगितलं. स्टीलमध्ये लोखंड असतंच, पण पुरेसं निकेल मिसळलं की त्याची आतली मांडणी बदलते आणि चुंबक त्याला धरत नाही. स्वस्त डब्यांत पुष्कळदा निकेल नसतं, म्हणून चुंबक त्यांना धरतं. नातीला मी एवढंच म्हटलं, "दोन्ही लोखंडाचीच पोरं, पण एकात पाहुणा राहायला आला." तेवढं तिला पुरलं.

विज्ञान दिनाला मांडणी तिची होती, माझी नाही. टेबलावर डावीकडे घमेलं, उजवीकडे टब, दोन्हींत मासे, मध्ये दोन गऱ्या. येणाऱ्याला ती विचारणार होती, "कशातले मासे निघतील?" आधी सांगायचं, मग गरी टाकून बघायचं. सहा वर्षांच्या मुलीने याहून सरळ प्रयोग काय मांडावा? माशांवर तिने नावंही लिहून घेतली होती, आपलं मासोळी, तेलुगूतलं चेप, आणि वर्गातल्या गोंड मैत्रिणीने सांगितलेलं मीन. राशीत आपण मीन म्हणतो तो हाच शब्द, हे मला त्या पोरीमुळे लक्षात आलं.

परीक्षकांनी गरी हातात घेतली नाही. एक वाक्य बोलले, "इदि आट, प्रॉजेक्ट कादु." हा खेळ आहे, प्रकल्प नाही. घमेलं घाण दिसतं म्हणून ते हलवायला सांगितलं आणि पुढे गेले. उरला टब. त्यात गरी टाकली की मासा निघायचाच. प्रश्नच उरला नाही, उरली ती जत्रेतली गंमत. नात नंतर येणाऱ्यांना सांगत राहिली, "घमेलं बाहेर आहे, त्यात निघत नाहीत," पण न दिसणाऱ्या घमेल्यावर कोण विश्वास ठेवणार? मी उठून ते आत आणायला हवं होतं. आणलं नाही. तिला नंतर त्रास होईल या भीतीने गप्प बसले, आणि हे मला परीक्षकांच्या वाक्याहून जास्त सलतं.

बक्षीस थर्माकोलच्या सूर्यमालेला मिळालं, लाइट लावलेली, दुकानातून करून आणलेली. मला राग आला. तरी खरं सांगायचं तर माझा नातू सर्वात जास्त वेळ तिच्यासमोरच उभा होता आणि त्याला कडेवर घेऊन मीही शनीची कडी बघत होते. विकतचं सगळं वाईट असं मी घरात नेहमी म्हणते, त्या दिवशी ते म्हणवलं नाही.

एक भीती मात्र विकतच्या खेळण्याचीच सांगते. जानेवारीत केस्लापूरच्या नागोबा जत्रेतून चावीवर फिरणाऱ्या माशांचं खेळणं आणलं होतं. आठ दिवसांत त्यातलं मुगाएवढं चुंबक सुटलं आणि नातवाच्या मुठीत सापडलं. अशी दोन चुंबकं गिळली तर आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटू शकतं. मुलाने चुंबक गिळलंय अशी शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठा, घरी वाट बघू नका. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघूनच घ्या. आमच्या खेळण्यावर ते नव्हतं. घरी करायचं तर स्पीकरची मोठी चकतीच घ्या, जी तोंडात मावणार नाही. आणि चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडतं, म्हणून खेळ संपला की पाणी लगेच झाडाला घाला.

घमेलं आम्ही परत घरी आणलं. नातीने त्याचं सिमेंट खरवडू दिलं नाही. रोज खेळून झालं की ती गरी त्याच्याच काठाला चिकटवून ठेवते, टांगायला खिळा लागत नाही.