शेवटचे प्रकरण

मला रहस्यकथांचे व्यसन आहे, ही गोष्ट आमचे लग्न ठरताना मुलीकडच्यांपासून लपवण्यात आली होती. 'मुलगा निर्व्यसनी आहे, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही,' असे माझ्या मामांनी छातीवर हात ठेवून सांगितले, आणि सुपारीपुरते ते खरेही होते. लग्नानंतर आठवड्याभरात सौभाग्यवतींना गादीखाली सहा पुस्तके सापडली. तिने एक मुखपृष्ठ पाहिले. त्यावर एक पिस्तूल, एक जिना आणि एक घाबरलेली बाई होती.

"अहो, हे तुम्ही वाचता?"

तंबाखूची पुडी सापडली असती तर तिचा आवाज जरा मऊ लागला असता.

त्या काळी डोंबिवलीत माणसाची पत त्याच्या वाचनावर ठरे. एका बाजूला कल्याणला १८६४ पासूनचे सार्वजनिक वाचनालय, दुसऱ्या बाजूला ठाण्याला १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय. मधले आम्ही डोंबिवलीकर दोन्हीकडून संस्कारांच्या कात्रीत! पण १८९३ या सालाबद्दल माझे स्वतंत्र संशोधन आहे. त्याच वर्षी कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकलून दिले. वाचकांनी एवढा आरडाओरडा केला की दहा वर्षांनी त्याला होम्स जिवंत करावा लागला. गंभीर कादंबऱ्यांत इतकी माणसे मरतात, पण त्यांना परत आणा म्हणून वाचकांनी लेखकाच्या दारात धरणे धरल्याचे मी ऐकलेले नाही. उलट, सुटला बिचारा, अशीच भावना असते.

आमच्याकडे हे काम बाबूराव अर्नाळकरांनी एकहाती केले. हजाराहून जास्त रहस्यकथा! इतक्या कथा लिहायच्या म्हणजे किमान तेवढे गुन्हे डोक्यात हवेत, आणि तरी माणूस सज्जन राहायला हवा. त्यांचा धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू, झुंजार, काळापहाड ही मंडळी मला काही सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जवळची होती. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले; नारायण धारपांनी तर रात्री अंगणातल्या संडासाला एकट्याने जाण्याची पंचाईत करून ठेवली. तरी पहिले प्रेम ते पहिले प्रेम.

याच प्रेमापायी मला लोकलमध्ये एक मित्र मिळाला. १९७४ मधली गोष्ट. आठ-सतराच्या फास्टमध्ये चौथ्या सीटवर मी एका कुल्ल्यावर बसलो होतो. शेजारचे गृहस्थ ब्राऊन पेपरचे कव्हर घातलेले पुस्तक वाचत होते. मी मान लांबवली. ते पुस्तक न मिटता म्हणाले, "तुमचं वाचून झालं की सांगा, मग पान उलटतो."

ते कल्याणला चढत आणि खिडकी पकडत. त्या दिवसापासून माझ्यासाठी चौथी सीटही धरून ठेवू लागले. अंगाने काडीपहिलवान आणि रंगाने गोरेपान, म्हणून मी त्यांना काळापहाड म्हणू लागलो. माझे वजन तेव्हाही चारचौघांत उठून दिसणारे होते, म्हणून ते मला छोटू म्हणत. नाव, आडनाव, कचेरी, बिऱ्हाड यांतले काहीही आम्ही एकमेकांना विचारले नाही. गरजच पडली नाही. फास्ट गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जाई, आणि डब्यातले दिवे बंद असले की नेमके खुनाच्या क्षणी अंधारगुडुप होई. त्या अंधारात खुनी कोण यावर आमच्या पैजा लागत. पैज एका चहाची. त्यांचा एकच दंडक होता : शेवटचे प्रकरण गाडीत वाचायचे नाही. "छोटू, घरी जायला काहीतरी निमित्त हवं ना!"

१९८४ साल उजाडले तेव्हा माझ्या पुतण्याला माझी कीव आली. तो कॉलेजात इंग्रजी शिकत होता. "काका, खुनी शोधण्यात आयुष्य घालवलंत. निदान या वर्षी तरी हे वाचा," म्हणून त्याने ऑर्वेलची त्याच सालाच्या नावाची कादंबरी माझ्या हातात ठेवली. ऑर्वेलसाहेब १९०३ मध्ये आपल्या बिहारात, मोतीहारीला जन्मलेले. कादंबरी १९४९ ची. सुरुवातीला मला हसूच आले. घरातल्या पडद्यातून सरकार चोवीस तास तुमच्यावर नजर ठेवते म्हणे! आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी हे काम विजेशिवाय करत. आमच्याकडे कुठली भाजी शिजते आहे, हे मला आधी त्यांच्याकडून कळे. भोंग्यावरून हुकूम सुटतो आणि हजारो माणसे निमूटपणे एका बाजूने दुसऱ्या बाजूला पळतात, हे तर मी रोज फलाटावर करत होतो.

पण पुढे हसू मावळले. त्या कादंबरीत माणसे नाहीशी होतात. काल शेजारी बसणारा माणूस आज नसतो. कागदोपत्री तो कधी नव्हताच असे होते. आणि कुणी त्याचे नाव काढत नाही. मला १९७५ आठवले. काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, आणि आमच्या डब्यातले राजकारणावर तावातावाने बोलणारे लोक एकाएकी पावसापाण्यावर बोलू लागले होते. मीसुद्धा.

काळापहाडांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "छोटू, आपल्या पुस्तकात एक माणूस मेला तर शंभर पानं त्याच्यासाठी धावपळ होते. त्या माणसाला कुणीतरी मोजलेलं असतं. तुझ्या साहेबाच्या पुस्तकात कुणी मोजतच नाही. खरी भीती ती. ते पुस्तकही वाचावं, नाही असं नाही, पण रात्री वाचू नये."

गंभीर साहित्याच्या परिसंवादात मी बऱ्याच खुर्च्या झिजवल्या आहेत, पण दोन्ही प्रकारच्या पुस्तकांबद्दल याहून शहाणे वाक्य मला ऐकायला मिळालेले नाही.

१९८५ च्या पावसाळ्यात काळापहाड दिसेनासे झाले.

पहिल्या दिवशी वाटले, ताप असेल. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीत एक नवे गृहस्थ होते. आठवड्याने ते जणू जन्मापासून तिथेच बसत होते. डब्यात पत्ते चालू होते, भजन चालू होते, शेंगदाण्याची टरफले पडत होती. अकरा वर्षे रोज दिसणाऱ्या माणसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी एकदोघांना विचारले. "कोण? ते बारीक? येत नाहीत का?" असे म्हणून त्यांनी पान टाकले. आणि मी तरी काय विचारणार होतो? मला नाव कुठे ठाऊक होते?

मी तपास सुरू केला. वही केली. गेल्या काही महिन्यांतले बारकावे नोंदवले. ते पान उलटायला फार वेळ लावत. निष्कर्ष : मनात काही गुपित. 'हल्ली छपाई फार बारीक करतात, तूच वाचून सांग,' म्हणत. निष्कर्ष : आळस. व्ही. टी.ला उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवत. निष्कर्ष : बढती मिळाली असावी, निरोपाची भावना. या सर्वांवरून ते फर्स्ट क्लासने जाऊ लागले, असे मी सिद्ध केले आणि त्यांच्यावर मनातल्या मनात रागावलोसुद्धा.

वही सौभाग्यवतीच्या हाती लागली. जन्मात एकही रहस्यकथा न वाचलेल्या त्या बाईने ती भाजी निवडता निवडता वाचली.

"अहो, त्यांचं एखादं पुस्तक राहिलंय का तुमच्याकडे?"

"आहे की. धनंजयचं."

"त्याच्यावर वाचनालयाचा शिक्का नि नंबर नाही का?"

होता. पहिल्याच पानावर, जांभळ्या शाईत. तो मी तीन महिने रोज पाहत होतो.

"आणि त्यांना दिसत नाहीये हो," ती मेथीची जुडी बाजूला ठेवत म्हणाली. "माझ्या बाबांचं अस्संच झालं होतं."

कल्याणच्या त्या वाचनालयातल्या माणसाने आधी थकलेला दंड वसूल केला आणि मग जुन्या बाजारातल्या एका वाड्याची वाट सांगितली. काळापहाड माजघरात खुर्चीवर बसले होते. काचबिंदू. एक डोळा गेला होता, दुसऱ्यात थोडा उजेड उरला होता. मी दारातच खाकरलो.

"छोटू, तीन महिने लागले?" ते म्हणाले. "धनंजयनं दोन दिवसांत शोधलं असतं."

मग दर रविवारी मी कल्याणला जाऊ लागलो. मी वाचायचे, त्यांनी ऐकायचे. पैज एका चहाची, चहा वहिनींचा. दंडक तोच, शेवटचे प्रकरण त्या दिवशी वाचायचे नाही. "पुढच्या रविवारी यायला काहीतरी निमित्त हवं ना!" असे आठ वर्षे चालले. मध्ये मी ऑर्वेलही वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत, दिवसाउजेडी.

१९९३ च्या डिसेंबरात एका रविवारी आम्ही शेवटच्या प्रकरणाशी थांबलो. बंगल्यात सगळे संशयित जमले होते, धनंजयने सिगारेट पेटवली होती. काळापहाडांची पैज माळ्यावर होती, माझी वकिलावर. पुढचा रविवार आला नाही.

त्यांचे नाव मला त्या वाड्याच्या दारावरच्या पाटीने सांगितले होते. पण मी त्यांना कधी त्या नावाने हाक मारली नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

ते पुस्तक माझ्याकडेच आहे, वाचनालयाच्या शिक्क्यासकट. शेवटची चौदा पाने मी वाचलेली नाहीत. तीस वर्षे होऊन गेली. सौभाग्यवती दर दिवाळीला कपाट आवरताना विचारते, "अहो, आता तरी हे परत करायचं का?"

मी म्हणतो, तपास अजून चालू आहे.

ती काही बोलत नाही. धूळ पुसून पुस्तक होते तिथे ठेवते.