विसावा आठवडा आणि उजनीचं पाणी

करमाळा तालुक्यातलं कुगाव उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. समोरच्या काठावर इंदापूर तालुक्यातलं कळाशी. पाण्यावरून गेलं तर इंदापूर, बारामती जवळ; रस्त्यानं जायचं तर धरणाला भलामोठा वळसा. म्हणून माणसं होडीनं ये-जा करत आली. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात याच वाटेवरची बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या, ११७ टीएमसीच्या या धरणानं सोलापूर जिल्ह्याला ऊस दिला, साखर कारखाने दिले. काठच्या कित्येक गावांना मात्र मोठा दवाखाना लांब पडला. गर्भवतीच्या बाबतीत ते अंतर आठवड्यांच्या हिशेबात उतरतं.

गर्भातलं व्यंग शोधणारी सविस्तर सोनोग्राफी, म्हणजे अॅनोमली स्कॅन, साधारण १८ ते २० आठवड्यांत व्हावी लागते. त्याच्या फार आधी बाळाच्या हृदयाचे कप्पे नीट दिसत नाहीत आणि फार उशीर झाला तर पुढच्या तपासण्यांना वेळ उरत नाही. सोनोग्राफी यंत्र नोंदणीशिवाय वापरता येत नाही, वाटेल तसं गाडीत घालून वाडीवस्तीवर नेता येत नाही. हे बंधन लिंगनिदान रोखण्यासाठी. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, मग १९९४ मध्ये केंद्राचा आला. मुलींचे जीव वाचवायचे तर हे बंधन हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग बाईला यंत्रापर्यंत वेळेत पोहोचवण्याची जबाबदारी व्यवस्थेनं घ्यायला हवी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची खास तपासणी होते, जोखीम असेल तर कार्डावर लाल स्टिकर लागतो. त्या लाल स्टिकरसोबत वाहनाची तारीखही ठरली पाहिजे.

ऊसतोडीला आलेल्या बायकांचं आणखी अवघड. त्यांची नोंद गावाकडच्या उपकेंद्रात, कार्डही तिकडेच पेटीत. दिवाळीच्या सुमारास टोळी फडात उतरते. उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. चौथा-पाचवा महिना मोळ्या बांधण्यात उलटतो.

काहीतरी बिनसलंय हे तपासणीच्या खोलीत बाईला सगळ्यात आधी कळतं. प्रोब पोटावर एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरतो आणि इतका वेळ बोलणारे डॉक्टर गप्प होतात. मग हातात इंग्रजी रिपोर्ट येतो. नवरा त्याचा फोटो काढून पुण्याच्या पाहुण्यांना पाठवतो. बाहेर बाकावर बसलेली सासू विचारते, ‘ग्रहण पाळलं न्हाईस का गं? विळी धरली व्हतीस?’ सासूही घाबरलेलीच असते, पण तो प्रश्न सुनेच्या मनात वर्षानुवर्षं राहतो. म्हणून त्या बाकापाशीच सांगावं लागतं, की बाळाचे ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतात आणि मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणानं यातलं काहीही बिघडत नाही.

रिपोर्टात ‘व्यंग’ निघालं म्हणजे सगळं संपलं, असं घरी जाईपर्यंत ठरून गेलेलं असतं. पण व्यंगा-व्यंगात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वाकडं पाऊल जन्मानंतर दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करता येतं. पोन्सेटी पद्धत म्हणतात तिला. फाटलेला ओठ शस्त्रक्रियेनं जुळतो. मूत्रपिंडाला आलेली थोडी सूज बऱ्याचदा आपोआप उतरते. हृदयाच्या काही दोषांत बाळ वाचतं, फक्त बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी व्हायला हवं. आणि कवटी-मेंदूच तयार न झालेलं बाळ जगत नाही. यातलं नेमकं काय आहे, हे दुसऱ्या जाणकार डॉक्टरकडून तपासून घेण्याआधी कुणीही निर्णयाची घाई करू नये, आणि बाईकडून करवून तर मुळीच घेऊ नये.

कायद्यात मधल्या काळात मोठा फरक पडला. १९७१ च्या कायद्यानं गर्भपाताची मर्यादा २० आठवडे ठेवली होती. मुंबईचे डॉ. निखिल दातार २००८ मध्ये आपल्या रुग्णासह उच्च न्यायालयात गेले. बाळाच्या हृदयात गंभीर दोष होता आणि मर्यादा उलटून गेली होती. परवानगी मिळाली नाही, थोड्याच दिवसांत तिचा आपोआप गर्भपात झाला. त्या खटल्यानं सुरू झालेली चर्चा २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत पोहोचली. आता २४ आठवड्यांनंतरही बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं, आणि अर्ज आल्यापासून तीन दिवसांत त्यानं मत द्यायचं असतं. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांच्या खंडपीठापुढे तेहतिसाव्या आठवड्याच्या सुमाराचं प्रकरण आलं. मंडळानं नकार दिला होता. न्यायालयानं निवडीचा हक्क त्या बाईचा आहे असं सांगून परवानगी दिली. काठच्या गावांत एक गोष्ट अजून पोहोचलेली नाही: सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

गर्भ ठेवायचा, हाही निर्णयच आहे, आणि तो घेणाऱ्या बायका कमी नाहीत. त्यांच्याकडे मात्र ‘सांगून ऐकत नाही’ अशा नजरेनं पाहिलं जातं. घरात तर प्रश्नांची रांग लागते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं का? ओटी भरायची का? मी म्हणते, तिला विचारा. काही जणींना हिरवी साडी हवी असते, काही जणींना त्या दिवशी कुणाचं तोंडही बघायचं नसतं. दवाखान्यानं तिच्यासाठी करायच्या गोष्टी वेगळ्या: बाळंतपण सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात होणार की आणखी पुढे, हे आठव्या महिन्याआधी ठरवणं; १०८ ला फोन करून गाडी घरापर्यंत यायला किती वेळ लागतो हे माहीत करून घेणं; बाळाचे डॉक्टर आधीच गाठून देणं.

बाळ गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. याची कल्पना कुणीच दिलेली नसते. पदर ओला होतो आणि ती न्हाणीघरात जाऊन एकटीच रडते. घट्ट आधाराची चोळी, गार पट्ट्या आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी एवढ्यानं शरीराचा त्रास निभावतो. पण हे आधी सांगायला पाच मिनिटं लागतात, ती काढायलाच हवीत.

त्या दिवसांत नकोसं वाटलं तरी गर्भाची तपासणी करून कारण शोधावं, असं मी घरच्यांना आग्रहानं सांगते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या भागात आहे. अशा नात्यातल्या जोडप्यांत जन्मजात दोषांचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, आणि दोष जनुकीय निघाला तर पुढच्या खेपेला लवकर तपासणी करता येते. मेंदू-मणक्याच्या व्यंगावर तर साधा उपाय आहे. १९९१ मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात दिसलं, की असं बाळ आधी झालेल्या बायकांनी दिवस जाण्यापूर्वीपासून फॉलिक अॅसिडचा मोठा डोस घेतला तर ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. आपल्याकडे त्यासाठी पाच मिलिग्रॅमची गोळी मिळते, फार स्वस्त. अडचण अशी, की बाळ गेलं की बाईचं नाव गरोदर मातांच्या यादीतून निघतं आणि पुन्हा दिवस गेल्यावरच परत चढतं. तोवर ते २८ दिवस उलटून गेलेले असतात. गावच्या नर्सताईंकडे जननक्षम जोडप्यांची नोंदवही असते. तिच्या नावापुढे त्या वहीत खूण करून गोळ्यांची पट्टी आशाताईंच्या हाती दिली, तर ती गोळी वेळेत सुरू होईल.