लुंबिनीचे फोटो घरापर्यंत कसे आणावेत?

चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या जंगलपट्ट्यातून दरवर्षी धम्मयात्रेचे गट निघतात. कोळसा खाणीतले, कागद कारखान्यातले, वीज केंद्रातले कामगार, अंगणवाडीच्या ताई, रोजमजुरी करणाऱ्या आयाबहिणी वर्ष-दोन वर्षे पैसे बाजूला टाकतात आणि बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून लुंबिनीला पोहोचतात. लुंबिनी नेपाळात आहे. म्हणजे कित्येक घरांचा हा पहिलावहिला परदेश प्रवास असतो, आणि अनेकांसाठी शेवटचाही. म्हणून तिथे काढलेला फोटो म्हणजे नुसती हौस नाही.

जरा मागे पाहा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला परमपूज्य बाबासाहेबांनी दीक्षा दिली. ‘आमचे आजोबा त्या मैदानात होते’ असे आपल्याकडे घराघरांत सांगतात. पण आजोबांचा फोटो मागितला तर भिंत रिकामी असते. कॅमेरा तेव्हा गरिबाच्या हाती नव्हता. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि लुंबिनीलाही जाऊन आले. त्यानंतर काही दिवसांतच, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच वाटेने आज आपण जातो, आणि आज प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. तरीही पाच वर्षांनी फोटो सापडत नाहीत. मोबाईल फुटतो, हरवतो, पाण्यात पडतो, नवा घेताना जुना दुकानात दिला जातो. त्यासोबत सगळी यात्रा जाते.

तेव्हा एकच गोष्ट मनावर घ्यावी. जो फोटो एकाच ठिकाणी आहे, तो अजून आपला झालेला नाही. दोन ठिकाणी ठेवला तरच तो टिकेल. आणि याला फार पैसे लागत नाहीत.

तयारी गावातच करावी. भद्रावतीच्या विजासन टेकडीतील बौद्ध लेणी आपल्या जवळ आहेत. आत लांब अंधारी वाट आणि शेवटी बुद्धमूर्ती. एका रविवारी मुलाबाळांना घेऊन तिथे जावे, अंधारात फोटो कसा येतो ते पाहावे, आणि घरी येऊन ते फोटो मोबाईलमधून पेनड्राइव्हवर उतरवून पाहावेत. जे घरी जमले, ते परदेशात जमेल.

पेनड्राइव्ह दोन तोंडांचा घ्यावा. एक तोंड मोबाईलला लागते, दुसरे संगणकाला. ६४ जीबीचा साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो. साधा पेनड्राइव्ह घरात असेल तर ओटीजी नावाचा छोटा जोड घेतला की काम भागते. गटातल्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक घेतला तरी चालेल. हिशेब असा: मोबाईलचा एक फोटो तीन-चार एमबीचा धरला, तर ६४ जीबीत पंधरा हजारांच्या आसपास फोटो मावतात. व्हिडिओ मात्र जागा खातो. एका मिनिटाला शंभर एमबी सहज जातात. वंदना चालू असताना अर्धा तास व्हिडिओ घेण्यापेक्षा दोन मिनिटांचा घ्यावा आणि उरलेला वेळ वंदनेत बसावे.

रस्त्यावर फार स्वस्त कार्ड किंवा पेनड्राइव्ह मिळाले तर घेऊ नये. वर ६४ लिहिलेले असते, आत ८ असतात. भरले की नव्या फोटोखाली जुने दबून नष्ट होतात, आणि हे घरी आल्यावर कळते. ओळखीच्या दुकानातून पावतीसह घ्यावे.

आता प्रवास. वडसा, नागभीडकडची माणसे रेल्वेने बल्लारपूरला येतात. तिथून राप्तीसागर एक्स्प्रेसने गोरखपूर, मग कुशीनगर पाहून बसने सोनौलीची सीमा. भारतीय माणसाला नेपाळला व्हिसा लागत नाही; पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. कमानीतून पलीकडे पाऊल टाकले की दोन गोष्टी बदलतात. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे जाते, आणि आपल्या सिमचे इंटरनेट बंद पडते. रोमिंगचा पॅक घेतला नसेल तर मोबाईलमधले डेटा रोमिंग बंदच ठेवावे, म्हणजे नको तो खर्च बसत नाही. फोटो आपोआप इंटरनेटवर चढतात, या भरवशावर राहणाऱ्याचे फोटो इथपासून चढणे थांबते, आणि ते त्याला कळतही नाही.

लुंबिनीत पवित्र उद्यानात मायादेवी मंदिर आहे. आत जन्मस्थानाची खूण दाखवणारी शिळा आहे. आत फोटो काढू देत नाहीत. तो नियम आपण मनापासून पाळावा. डोळ्यांनी पाहिलेलेही घरी नेता येते. बाहेर सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. त्यावरचा ब्राह्मी लेख १८९६ मध्ये उजेडात आला. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी सम्राट स्वतः इथे आला आणि बुद्धाचा जन्म इथे झाला म्हणून या गावाचा कर कमी केला, असे त्यात कोरले आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही नोंद दगडावर होती म्हणून आज आपल्याला ती जागा नेमकी सांगता येते. नोंद टिकली तर जागा टिकते, हे मुलांना तिथेच उभे करून सांगावे.

रात्री मुक्कामी आल्यावर जेवणाआधी पंधरा मिनिटे काढावीत. दिवसाचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवावेत. दोन-चार उघडून पाहावेत. मग तो पेनड्राइव्ह मोबाईल असलेल्या पिशवीत न ठेवता दुसऱ्याच्या सामानात ठेवावा. मुक्कामी वायफाय मिळाले तर निवडक दहा फोटो व्हॉट्सॲपवर घरी पाठवावेत, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून. साध्या पद्धतीने पाठवला तर फोटो आकसतो आणि मोठा छापला की फिका पडतो.

आमच्या गटात बल्लारपूरकडच्या एक वयस्क मावशी होत्या. परतीच्या गर्दीत त्यांचा मोबाईल कोणीतरी लांबवला. मावशी रडल्या त्या मोबाईलसाठी नव्हे. स्तंभासमोर हात जोडून उभ्या असलेला त्यांचा तो एकच फोटो होता. पण त्यांचा भाचा रोज रात्री फोटो उतरवून घेत होता. त्याने पेनड्राइव्ह आपल्या मोबाईलला लावला आणि फोटो त्यांच्यापुढे धरला. तेव्हा कुठे त्यांनी डब्यातली भाकर खाल्ली.

घरी आल्यावरचे काम विसरू नये. गुगल फोटोजमध्ये पूर्वी कितीही फोटो फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ते बंद झाले. आता फुकट जागा १५ जीबी, आणि त्यात आपली ई-मेलसुद्धा धरली जाते. त्यापुढे भाडे द्यावे लागते. शिवाय दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर ते पुसले जाऊ शकते. म्हणून तिथे सगळे न टाकता निवडक शे-दोनशे फोटो ठेवावेत आणि खात्याचा पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवावा. भामरागड, एटापल्लीकडे नेटवर्क धड मिळत नाही. तिथल्या कुटुंबांनी पेनड्राइव्हवरच भर द्यावा आणि दुसरी प्रत शहरातल्या नातेवाइकाकडे ठेवावी. पेनड्राइव्ह वर्षातून एकदा लावून पाहावा. वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिला तर तोही दगा देतो. आपल्या उन्हाळ्यात तो पत्र्याखाली किंवा खिडकीत ठेवू नये.

आणि शेवटी दहा फोटो कागदावर छापून घ्यावेत. त्याला ना पासवर्ड लागतो, ना चार्जिंग. अल्बमच्या पानावर फोटोखाली नाव, गाव, तारीख लिहावी. कोण कोणाची आजी हे आज आपल्याला ठाऊक आहे, पण पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला ते कोण सांगणार? १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाताना तो अल्बम सोबत घ्या. जे लुंबिनीला जाऊ शकले नाहीत, त्यांना तो दाखवा.

जयभीम!