प्रेक्षक म्हणवला गेलेला आयन

साहित्याकडे वळण्यापूर्वी मी रसायनशास्त्र शिकलो. धातुसंकुलाच्या धनप्रभाराचा केवळ हिशेब जुळवणाऱ्या ऋण प्रतिआयनाला तेथे ‘प्रेक्षक’ म्हणत. समीक्षेत आपण ‘पार्श्वभूमी’ म्हणतो, तसेच. शब्द फसवा आहे.

रेणूंना हातमोज्यांसारखी डावी-उजवी रूपे असतात. औषधात अनेकदा त्यांतले एकच उपयोगी पडते. एकसंयुजी सोन्याच्या संकुलात एका टोकाला लिगंड, तर नेमक्या विरुद्ध टोकाला अभिक्रियेत उतरलेला रेणू असतो. लिगंडाचे डावे-उजवेपण तिथवर पोचणे अवघड. २००७ साली बर्कलेच्या डीन टोस्टे यांच्या गटाने लिगंड साधाच ठेवला आणि ते डावे-उजवेपण फॉस्फेट प्रतिआयनाकडे सोपवले. उत्पादितात एकाच हाताचे रेणू नव्वद टक्क्यांहून अधिक भरले! बेंझिनमध्ये ही आयनजोडी बिलगून राहते, म्हणून हे साधते. अधिक ध्रुवीय द्रावकात ती सैलावते, आणि निवड ढासळते.