वत्सगुल्मातील रथकार

वाशीमचे नाव निघाले की आमच्यासारख्या संस्कृतावर पोसलेल्या माणसास प्रथम वत्सगुल्म आठवते. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली येथे ताम्रपट सापडले आणि त्या शाखेचा विसरलेला इतिहास उजेडात आला. राजशेखराने तर काव्यमीमांसेत या नगरास मदनाचे क्रीडास्थान म्हटले आहे. परंतु गेल्या मार्गशीर्षात आम्ही तेथे गेलो ते इतिहासाच्या ओढीने नव्हे. "भाऊजी, यांची मोटार चिरंजीव कापायला निघालेत. तुमचे तो ऐकतो. एकदा येऊन जा," असा वहिनींचा निरोप आला, म्हणून गेलो.

ती मोटार म्हणजे कैलासवासी वडीलबंधूंची जुनी मारुती आठशे. तीतूनच त्यांनी आम्हां सर्वांस कारंज्यास नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी व शिरपुरास अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास नेले होते. ती कापून पुतण्या शर्यतीची गाडी करणार, हे ऐकून आम्हांसही वाईट वाटले.

नागपुराहून भाड्याच्या मोटारीने समृद्धी महामार्गाने निघालो. ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग २०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत व २०२५ च्या जूनमध्ये संपूर्ण खुला झाला. ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा दाखविणाऱ्या पाट्या जागोजाग होत्या. आमच्या सारथ्यास मात्र त्या दिसत नसाव्यात. दोन्ही बाजूंस तुरीची शेते नुसती मागे पळत होती. आम्ही मुकाट्याने रामरक्षा म्हणत होतो. कारंज्यास खाली उतरलो तेव्हा कोठे जीव भांड्यात पडला.

वाशीमात पोहोचल्यावर पद्मतीर्थावर हातपाय धुतले, भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळूंनी बांधविलेल्या बालाजीच्या देवळात दर्शन घेतले आणि सायंकाळी पुतण्याबरोबर गावाबाहेरच्या एका कारखान्यात गेलो. कारखाना कसला, पत्र्याची लांब पडवी. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणीयंत्रे आणि शंकरपटाची एक हलकी छकडी. आत बंधूंची मोटार उभी होती. आसने काढलेली, गालिचे उपटलेले, दारांचे अस्तर उतरविलेले. आमच्या पोटात कालवले.

"काका, आधी पाहून घ्या, मग रागवा," पुतण्या म्हणाला.

त्याने जे दाखविले ते येथे थोडक्यात सांगतो. गाडीचे मूळ वजन सुमारे साडेसहाशे किलो व इंजिन अवघे ७९६ घनसेंटिमीटरांचे. शक्ती थोडी, म्हणून आधी भार उतरवावयाचा. परंतु उतरविलेल्या भारातला काही भाग जाणूनबुजून परत चढवावयाचा, आणि तो म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा. चालकाच्या पाठीमागील मुख्य कमानीची नळी बिनजोड, ४५ मिलीमीटर व्यासाची व अडीच मिलीमीटर जाडीची. ती तापवून नव्हे, थंडच वाकवावयाची. जेथे ती तळास टेकते तेथे खाली तीन मिलीमीटरांची पोलादी पट्टी. गाडी उलटली तरी छप्पर डोक्यावर येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. वळणावर इंजिनातील तेल एका कडेस धावते व बेअरिंगे कोरडी पडतात, म्हणून तेलाच्या पात्रात आडवे पडदे. ब्रेकचे द्रव्य हवेतील ओल शोषते. ओल मुरली की ते लवकर उकळते, त्यात वाफ होते आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून ते प्रत्येक शर्यतीपूर्वी बदलावयाचे.

कारागीर मुळात छकड्या बांधणारा. बैलगाडीच्या शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, तेव्हा त्याचे ते काम बसले. २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली तेव्हा पुन्हा सुरू झाले. एका जोडावर बोट ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, पाइप कितीबी महागाचा आना, वेल्डिंग कच्ची रायली त पोराचा जीव कोनाच्या भरवशावर?" एक जोड मनास न आल्याने त्याने आमच्यादेखत कापून पुन्हा केला.

आम्हांस मुद्गलाची कथा आठवली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ती सूचित आहे आणि यास्काने निरुक्तात सांगितली आहे. मुद्गलाने बैलाच्या जोडीस द्रुघण म्हणजे लाकडाचा ओंडका जुंपला आणि आजि जिंकली. आजि म्हणजे झुंज, तशीच शर्यतही. हाताशी असेल त्यातून रथ सिद्ध करण्याची ही विद्या जुनी आहे. रथकारास पावसाळ्यात अग्न्याधानाचा अधिकार आहे, हे मीमांसकांनी मुद्दाम विचार करून ठरविले, ते उगीच नव्हे. याच मारुतीचे इंजिन घेऊन कोइमतुराच्या करिवर्धनांनी 'फॉर्म्युला मारुती' ही शर्यतीची गाडी घडविली. त्यांच्या नावाची २.१ किलोमीटरांची धावपट्टी कोइमतुराजवळ २००३ पासून आहे. पुतण्यास तेथे जावयाचे होते.

"पण वेगाचा हा सोस कशाला?" आम्ही विचारले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, माझा मित्र हमरस्त्यावर गेला. गाडी तोच हाकत होता; मी शेजारी होतो आणि आणखी जोरात घे म्हणत होतो. तेव्हापासून रस्त्यावर ऐंशीच्या पुढे गेलो नाही. पण ओढ जात नाही. धावपट्टीवर समोरून कोणी येत नाही, रुग्णवाहिका उभी असते, चूक झाली तर ती माझ्यापुरती."

आम्ही त्यास उपदेश करावयास आलो होतो. तो आम्ही गिळला. एकच अट घातली. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या मूळ घडणीत बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले आहे. तेव्हा ही गाडी पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. "ट्रकवर चढवूनच नेणार, काका," तो म्हणाला.

घरी येऊन वहिनींस सर्व सांगितले. मित्राची गोष्ट त्यांस ठाऊकच नव्हती. त्या पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मग पिंजरा नीट करा म्हणावे. पैशाकडे पाहू नका."

शर्यतीच्या गाडीत सुटी वस्तू एकही चालत नाही. म्हणून बंधूंनी काचेपाशी बसविलेला पितळेचा लहानसा गणपती पुतण्याने खिशातून काढून आईच्या हाती दिला. वहिनींनी तो देवघरात ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. सारथ्यास प्रथमच बजावले, "बाबा, पाटीवरचा आकडा वाचीत चल."