सीपरी बाजारातली शेपटीवाली फुलपाखरं

झाशीला येणारे पाहुणे आधी किल्ला बघतात, मग राणीमहाल आणि वेळ उरला तर ओरछा. रेल्वेच्या रुळांपलीकडचा सीपरी बाजार त्यांच्या यादीत नसतो. मेजर ध्यानचंद याच भागातले. त्यांचा टेकडीवरचा पुतळा लांबूनही दिसतो. बाकी कापड-भांड्यांची दुकानं, ई-रिक्षांची गर्दी आणि मागच्या गल्ल्यांमधली जुनी घरं. या घरांच्या गच्चीवर मात्र पावसाळ्यात एक छान गंमत बघायला मिळते.

इथल्या मराठी घरांत कढीपत्त्याची कुंडी हमखास असते. फोडणीला ताजी पानं हवीत ना! शेजारी त्याला ‘मीठा नीम’ म्हणतात. जुलै ते ऑक्टोबरमध्ये या कुंडीभोवती एक काळं फुलपाखरू घिरट्या घालतं. पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि मागे दोन छोट्या शेपट्या. हे कॉमन मॉरमॉन. लिंबाच्या झाडाशी त्याचं भावंड लाइम बटरफ्लाय दिसेल, पिवळसर-काळं. दोघंही ‘स्वॅलोटेल’ म्हणजे शेपटीवाल्या फुलपाखरांच्या कुटुंबातली, पण लाइमला शेपटीच नाही!

या कुटुंबातलं सगळ्यात नाजूक मंडळ बघायचं असेल, तर झाशीहून थेट ईशान्य भारत गाठावा लागेल. तिथल्या ओल्या, दाट जंगलांत ड्रॅगनटेल राहतं. पुढे म्यानमार, थायलंड, मलेशिया, इंडोनेशियापर्यंत त्याचं घर पसरलेलं आहे. जगातल्या सगळ्यात छोट्या स्वॅलोटेलमध्ये त्याची गणना होते. पंख पसरले तरी जेमतेम 4-5 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या मॉरमॉनच्या निम्मंच. पुढचे पंख काचेसारखे आरपार, मधे पांढरा किंवा हिरवट पट्टा. पट्ट्याच्या रंगावरून व्हाइट आणि ग्रीन अशी दोन नावं पडली. व्हाइट ड्रॅगनटेलची शास्त्रीय नोंद 1787 मधली, फॅब्रिशियस या शास्त्रज्ञाने केलेली.

त्याच्या शेपट्या मागच्या पंखापेक्षाही लांब असतात. पंख इतक्या वेगाने फडफडतात, की उडताना ते चतुरच वाटतं. ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर बसून नर पाणी शोषतात. त्यातले क्षार ठेवून घेतात आणि उरलेलं पाणी मागून पिचकारीसारखं सोडतात. मुलांना हे सांगून बघा, हसून हसून पुरेवाट होईल!

मग हे सुंदर फुलपाखरू झाशीत का येत नाही? मे महिन्यातला इथला 45 अंशांचा उन्हाळा हे एक कारण झालं. पण त्याहून मोठं कारण आहे अळीचं जेवण. ड्रॅगनटेलची अळी इलिजेरा नावाच्या जंगली वेलीची पानं खाते. जिथे ती वेल नाही, तिथे ड्रॅगनटेल नाही. जंगल तोडलं की वेल जाते आणि वेलीबरोबर फुलपाखरूही. बागेत कितीही फुलं लावली तरी ते परत येणार नाही.

हाच नियम आपल्या गच्चीलाही लागू आहे. मॉरमॉन आणि लाइमच्या अळ्यांना कढीपत्ता, लिंबू, बेल अशीच पानं लागतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे शत्रू फसतो. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तिला हात लावला तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरू नका, ती चावत नाही. पण नेमकी हीच अळी दिसली, की घरोघरी औषधाची बाटली बाहेर निघते. पानं वाचतात, पण फुलपाखरू जन्मायच्या आतच संपतं. शिवाय तीच पानं आपण आमटीत घालतो, हेही विसरायला नको.

त्यापेक्षा एक सोपी तोड आहे. दोन कुंड्या लावा, एक फोडणीसाठी आणि एक अळ्यांसाठी. फोडणीच्या कुंडीत अळी दिसली, तर पानासकट उचलून दुसरीत ठेवा. खाल्लेल्या फांद्यांना पुन्हा पालवी फुटते. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला पावसाळ्यात साधारण महिनाभर लागतो. मुलांच्या सुट्टीच्या दिवसांत याहून चांगला उद्योग कुठला?

आणि झाशीला आलात, तर पाऊस ओसरल्यावर ओरछ्याला बेतवाकाठीही जा. किनाऱ्याच्या ओल्या मातीवर फुलपाखरांचे थवे पाणी शोषताना दिसू शकतात. ईशान्येतल्या ओढ्यांवर ड्रॅगनटेल करतं, तेच काम. फक्त जरा लांबून बघा आणि मुलांना पकडू देऊ नका. पंखांवरची रंगीत पूड बोटाला लागली, की ती पुन्हा येत नाही.